पार्ट्रिज परत आला!
एका विनोदी पात्राचे पुनरागमन आणि त्याच्या चाहत्यांची धास्ती

२५ फेब्रुवारी २०१९च्या सोमवारी रात्री साडेनऊ वाजता ‘बीबीसी वन’ या ब्रिटनच्या मुख्य वाहिनीवर ‘धिस टाइम विथ ॲलन पार्ट्रिज’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. कथानक साधे होते. घरगुती गप्पा, थोडी माहिती, थोडे मनोरंजन अशा स्वरूपाच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाचा नेहमीचा निवेदक आजारी पडतो आणि त्याच्या जागी तात्पुरता म्हणून ॲलन पार्ट्रिज या जुन्या निवेदकाला बोलावले जाते. याच बीबीसीशी ॲलनचे १९९५मध्ये बिनसले होते. पुढची वर्षे त्याने नॉरफोक परगण्यातल्या स्थानिक रेडिओ केंद्रांवर गाणी लावत आणि श्रोत्यांचे फोन घेत काढली. चोवीस वर्षांनी तो पुन्हा राष्ट्रीय वाहिनीच्या सोफ्यावर येऊन बसला.

ॲलन पार्ट्रिज हा खरा माणूस नाही. स्टीव्ह कूगन हे अभिनेते १९९१पासून रंगवत असलेले ते पात्र आहे. त्यामुळे त्या रात्री दोन पुनरागमने एकदम घडत होती. कथेतला ॲलन कथेतल्या बीबीसीत परतत होता, आणि स्वतंत्र मालिकेच्या रूपाने हे पात्र सतरा वर्षांनी खऱ्या बीबीसीवर परतत होते. चाहत्यांना याचा आनंद झाला हे सांगायला नको. अभ्यासावे असे जे काही आहे ते त्या आनंदाला चिकटलेल्या धास्तीत आहे. आवडते पात्र परत येणार म्हटल्यावर त्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम करणारा माणूसच सर्वांत अधिक का घाबरतो? त्याला काय हरवण्याची भीती वाटते? या लेखात ॲलनच्या निमित्ताने या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे.

हा ॲलन कोण?

ब्रिटिश विनोद मराठी वाचकाला परका नाही. ‘मिस्टर बीन’ आपल्याकडे घराघरांत पोचला, कारण तो फारसे बोलतच नाही. ‘येस मिनिस्टर’ला भाषेची अडचण होती, पण नोकरशाहीचे नमुने सगळीकडे सारखेच असल्याने २००१मध्ये त्याचे ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूप सहज उभे राहिले. ॲलन पार्ट्रिजला असा प्रवास जमला नाही. त्याचा विनोद शब्दांच्या निवडीत, उच्चारांत, मोटारींच्या मॉडेलांत आणि महामार्गावरच्या हॉटेलांत दडलेला आहे. तो इंग्लंडच्या एका विशिष्ट वर्गाचा आणि नॉरिच या एका विशिष्ट शहराचा रहिवासी आहे.

त्याचा जन्म रेडिओवर झाला. ऑगस्ट १९९१मध्ये ‘बीबीसी रेडिओ ४’वर ‘ऑन द अवर’ हा बातम्यांची टिंगल करणारा कार्यक्रम सुरू झाला. निर्माते होते अर्मांडो इयानूची. खेळांच्या बातम्या देणारा, पण खेळातले फारसे काही न कळणारा वार्ताहर म्हणून ॲलन त्यात अवतरला. तेव्हा कूगन पंचविशीत होते आणि आपल्याहून बऱ्याच मोठ्या माणसाचा आवाज ते काढत होते. १९९२च्या अखेरीस ‘नोइंग मी, नोइंग यू’ हा ॲलनचा स्वतःचा मुलाखतींचा कार्यक्रम रेडिओवर आला. जानेवारी १९९४मध्ये ‘द डे टुडे’मधून तो दूरचित्रवाणीवर दिसला आणि त्याच वर्षी मुलाखतींचा कार्यक्रमही पडद्यावर आला. सहा भागांच्या शेवटी ॲलनच्या हातून एका पाहुण्याला चुकून गोळी लागते आणि तो मरतो. १९९५च्या नाताळच्या खास भागात तर तो बीबीसीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाच, हातात अडकलेल्या टर्कीसकट, ठोसा लगावतो. त्याची दूरचित्रवाणीवरची कारकीर्द तिथे संपली.

नोव्हेंबर १९९७मध्ये आलेल्या ‘आय ॲम ॲलन पार्ट्रिज’ने या पात्राला खरी उंची दिली. बायकोने घराबाहेर काढलेला ॲलन आता लिंटन ट्रॅव्हल टॅव्हर्न या हॉटेलात राहतो, पहाटेच्या वेळी रेडिओ नॉरिचवर बोलतो आणि आपला कार्यक्रम पुन्हा सुरू करावा म्हणून बीबीसीच्या त्याच अधिकाऱ्याला गळ घालतो. जेवणाच्या टेबलावर तो एकामागून एक कल्पना पुढे करतो. तुरुंगातली स्वयंपाकाची मालिका सुचवतो, आणि काहीच उरत नाही तेव्हा माकडांचे टेनिस सुचवतो. ‘मंकी टेनिस’ हे दोन शब्द पुढे ब्रिटनच्या दूरचित्रवाणी व्यवसायात कोणत्याही बाष्कळ कल्पनेचे नाव होऊन बसले. २०१२मध्ये चॅनल ४वर गॉर्डन रॅम्से यांची तुरुंगातल्या स्वयंपाकाची मालिका खरोखरच आली, हे या ठिकाणी नोंदवून ठेवू. वास्तव ॲलनच्या मागोमाग चालू लागले होते, आणि चाहत्यांच्या धास्तीचे एक मूळ तिथेच आहे.

परतलेल्यांची परंपरा

ब्रिटनमध्ये विनोदी पात्रांच्या पुनरागमनाला मोठी परंपरा आहे आणि तिथला प्रेक्षक त्या आठवणी घेऊनच नव्या पुनरागमनाकडे पाहतो. त्यांतली तीन उदाहरणे ॲलनची गोष्ट समजायला उपयोगी पडतात.

पहिले सुखाचे आहे. ‘द लाइकली लॅड्स’ ही दोन तरुण कामगार मित्रांची मालिका १९६४ ते १९६६ चालली. हेच मित्र १९७३मध्ये ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?’मधून परतले. एक मध्यमवर्गात चढलेला, दुसरा लष्करातून परतलेला आणि मागेच राहिलेला. मधली वर्षे लपवायचा प्रयत्न लेखकांनी केला नाही. त्या वर्षांनाच त्यांनी विषय केले. मूळ मालिकेपेक्षा ही दुसरी सरस, असे म्हणणारे आजही पुष्कळ आहेत.

दुसरे उदाहरण हुरहुर लावणारे. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मधला डेल बॉय १९८१पासून ‘पुढच्या वर्षी आपण लखपती’ म्हणत होता. २९ डिसेंबर १९९६ रोजी तो खरोखर श्रीमंत झाला आणि ते पाहायला दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक लोक दूरचित्रवाणी संचासमोर बसले होते. गोष्ट तिथे पुरी झाली, असे सगळ्यांनीच धरले. पण २००१च्या नाताळात मालिका परतली आणि पहिल्याच भागात डेल बॉयचे पैसे गेले. प्रेक्षकसंख्या पुन्हा प्रचंड होती. तरी अनेक चाहत्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. ज्या शेवटावर त्यांनी आनंदाश्रू ढाळले होते, तोच कुणीतरी परत घेतला होता.

तिसरे उदाहरण अवघड आहे. १९६५च्या एका सुट्या भागात जन्मलेला आल्फ गार्नेट हा ‘टिल डेथ अस डू पार्ट’चा नायक म्हणजे वर्णद्वेष्टा, तोंडाळ, राजनिष्ठ लंडनवासी. लेखक जॉनी स्पाइट यांना अशा माणसाची टर उडवायची होती. तो रंगवणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू आणि डाव्या विचारांचे. तरीही आल्फ बोलतो ते बरोबरच आहे असे मानून त्याच्यावर प्रेम करणारे चाहते मोठ्या संख्येने निघाले, आणि मिचेल यांना रस्त्यात त्यांचे अभिनंदन स्वीकारण्याची पाळी आली. १९८५मध्ये आल्फ ‘इन सिकनेस अँड इन हेल्थ’मधून परतला तेव्हा हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. कोणावर हसायचे ते लेखक ठरवतो. कोणाबरोबर हसायचे ते मात्र प्रेक्षक ठरवतो.

म्हणजे पुनरागमनाच्या तीन शक्यता चाहत्यापुढे असतात. पात्र काळाबरोबर वाढलेले असेल, पूर्ण झालेली गोष्ट ते मोडून टाकील, किंवा आपण त्याच्यावर नेमके कशासाठी प्रेम करत होतो हे ते उघडे पाडील. ॲलनच्या बाबतीत या तिन्ही शक्यता एकत्र आल्या.

पहिला चटका

ॲलनच्या चाहत्यांना पुनरागमनाचा अनुभव आधीही आला होता. ‘आय ॲम ॲलन पार्ट्रिज’ची दुसरी मालिका नोव्हेंबर २००२मध्ये, पाच वर्षांच्या खंडानंतर आली. आता ॲलन घर बांधून होईपर्यंत कॅराव्हॅनमध्ये राहत होता आणि त्याचे आत्मचरित्र न खपल्यामुळे लगद्यात गेले होते. मालिकेतले कित्येक प्रसंग लोकांना पाठ झाले. मोटारतळावर ओळखीच्या माणसाला पुन्हा पुन्हा हाका मारणारा ॲलन तर दंतकथाच झाला. तरी पहिल्या मालिकेतली उदास शांतता गेली, आवाज वाढला आणि विनोदांची गर्दी झाली, ही तक्रार तेव्हा झाली आणि ती पुसली गेली नाही.

त्यानंतरची बरीच वर्षे ॲलन जवळजवळ गप्प होता. २०१०च्या नोव्हेंबरात तो आला तो अगदी आडवाटेने. एका बीअर कंपनीच्या पैशांवर, इंटरनेटवर, दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. ‘मिड मॉर्निंग मॅटर्स’ असे नाव. स्थानिक रेडिओचा छोटा स्टुडिओ, एक-दोन स्थिर कॅमेरे, समोर सहनिवेदक सायमन. प्रेक्षकांच्या हशाचा आवाज नाही. रॉब आणि नील गिबन्स हे वयाने लहान असलेले जुळे भाऊ आता कूगन यांच्याबरोबर लिहू लागले होते. जाहिरातीच्या पैशांवरचा हा उद्योग फसणार अशी अपेक्षा असणाऱ्यांना धक्का बसला. ॲलन थोडा मऊ, थोडा हुशार आणि अधिक खरा झाला होता. पुढच्या वर्षी ‘आय, पार्ट्रिज’ हे त्याचे ‘आत्मचरित्र’ आले, २०१३मध्ये ‘अल्फा पापा’ हा चित्रपट.

त्या चित्रपटाच्या वेळी चाहत्यांनी जे केले ते बोलके आहे. अशा चित्रपटांचे पहिले खेळ लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये होतात. ॲलनचा चित्रपट त्याच्या गावीच, नॉरिचच्या अँग्लिया स्क्वेअरमधल्या साध्या चित्रपटगृहात प्रथम दाखवावा, अशी मोहीम तिथल्या लोकांनी चालवली. ज्या गावाची इतकी वर्षे थट्टा झाली, ते गाव थट्टा करणाऱ्याला आपला माणूस म्हणून बोलावत होते. २४ जुलै २०१३ रोजी कूगन ॲलनच्या वेषात तिथे गेले. पुढे २०२०मध्ये दोन शिल्पकार चाहत्यांनी घडवलेला ॲलनचा पूर्णाकृती पुतळाही नॉरिचमध्ये काही काळ उभा होता.

२०१९: अवघडलेले हसू

अशा प्रेमाच्या वातावरणात २०१९ची मालिका आली. समीक्षकांनी बहुतांशी स्वागत केले. चाहत्यांची प्रतिक्रिया मात्र एकसुरी नव्हती, आणि तिच्यातले थर वेगळे करून पाहिले पाहिजेत.

पहिला थर शांततेविषयीचा. नव्वदच्या दशकातला ॲलन स्टुडिओतल्या प्रेक्षकांच्या हशासह घराघरांत आला होता. ‘धिस टाइम’मध्ये तो हशा नव्हता. कार्यक्रम थेट प्रक्षेपणासारखा दिसत होता, आणि मधे चित्रफीत लागली की कॅमेरा स्टुडिओतच राहून पुढची कुजबुज टिपत होता. ॲलनची जुनी मदतनीस लिन येऊन त्याच्या कानाशी लागते, सहनिवेदिका जेनी ग्रेशमबद्दल विष कालवते, ॲलन घाम टिपतो, आणि लगेच चेहऱ्यावर निवेदकाचे हसू चढते. फेलिसिटी माँटॅग्यू आणि सुझॅना फील्डिंग या दोघींचे काम या फटींमध्ये आहे. हशाची सवय असलेल्याला हे सपक वाटले. ज्यांनी इंटरनेटवरचा ॲलन पाहिला होता त्यांना ते ओळखीचे वाटले. एकाच पात्राच्या चाहत्यांच्या दोन पिढ्या एकाच सोफ्यावर बसून वेगवेगळ्या ठिकाणी हसत होत्या.

दुसरा थर वास्तवाचा. ‘धिस टाइम’ ही बीबीसीच्या ‘द वन शो’ या रोजच्या कार्यक्रमाची नक्कल होती. समुद्रातल्या सीलपासून हात धुण्याच्या पद्धतीपर्यंत काहीही विषय, आणि एका विषयावरून दुसऱ्यावर मारलेल्या कोलांटउड्या. अडचण अशी की खरे कार्यक्रमच तोपर्यंत पार्ट्रिजसारखे झाले होते. खऱ्या निवेदकांची अशी वाक्ये गोळा करून ती ॲलनच्या आवाजात वाचण्याचा छंद चाहत्यांना आधीच लागला होता. नक्कल आणि अस्सल यांत अंतर उरले नाही, तर नक्कल करणाऱ्याने काय करायचे? काही चाहत्यांची निराशा या प्रश्नातून आली होती आणि ती खोटी नव्हती.

त्यात काळही विलक्षण होता. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख, २९ मार्च २०१९, या मालिकेच्या शेवटच्या भागाच्या तोंडावर येत होती. कूगन ब्रेक्झिटचे उघड विरोधक. ॲलन मात्र ज्या मध्यमवयीन, वर्तमानपत्री मतांच्या, साशंक इंग्लंडचा प्रतिनिधी होता, त्याच इंग्लंडने जनमत जिंकले होते. १९९४मध्ये ॲलन हरलेल्या बाजूचा माणूस होता. त्याच्यावर हसणे सोपे आणि सुरक्षित होते. २०१९मध्ये देशच त्याच्या सुरात बोलू लागलेला, आणि त्याच्यावर हसणारे हरलेल्या बाजूला गेलेले. आल्फ गार्नेटचे भूत खोलीत आले होते.

चौथा भाग

या कोंडीतून मालिकेने वाट काढली ती चौथ्या भागात. ॲलनसारखाच दिसणारा मार्टिन ब्रेनन नावाचा एक आयरिश शेतकरी पाहुणा म्हणून येतो. ही भूमिकाही कूगन यांचीच. गावंढळ दिसणाऱ्या या माणसाला ॲलन कौतुकाने गाणे म्हणायला सांगतो. मार्टिन आढेवेढे न घेता ब्रिटिश सत्तेविरुद्धची आयरिश बंडखोरीची गाणी खड्या आवाजात सुरू करतो, आणि बीबीसीच्या प्रमुख वाहिनीवर, मुख्य वेळेत, ॲलनच्या चेहऱ्यावरचा रंग उडत जातो.

त्यांतले एक गाणे ‘कम आउट, ये ब्लॅक अँड टॅन्स’. १९२०-२१मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिश सरकारने धाडलेल्या आणि तिथे अत्याचारांसाठी कुप्रसिद्ध झालेल्या दलाला दिलेले ते आव्हान आहे. आयर्लंडमध्ये या प्रसंगाची चित्रफीत हातोहात फिरली. त्यांना वाटलेला आनंद केवळ विनोदाचा नव्हता. जुन्या चाहत्यांना १९९७चा एक भाग आठवला. त्यात डब्लिनहून आलेल्या दोन दूरचित्रवाणी अधिकाऱ्यांपुढे ॲलन आयर्लंडविषयी अज्ञानाचा कहर करतो. १९७२च्या हत्याकांडावरचे ‘यू२’चे प्रसिद्ध गाणे हे कंटाळवाण्या रविवाराविषयी आहे असे समजतो. बावीस वर्षांनी त्याच अज्ञानाचा हिशेब त्याच्याच चेहऱ्याच्या माणसाने, त्याच्याच स्टुडिओत चुकता केला. कूगन यांची आई मूळची आयर्लंडची, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना त्यात आणखी एक अर्थ दिसला.

मालिकेवर रुसलेले कितीतरी चाहते या भागाने परत आणले. का, ते पाहण्यासारखे आहे. मार्टिनने कोणाला उपदेश केला नाही; ॲलन दुष्ट ठरला नाही की सुधारलाही नाही. फक्त हसण्याची दिशा पुन्हा स्पष्ट झाली. चाहत्यांना हवे होते ते एवढेच.

आरशातला माणूस

१९९७च्या त्याच भागात ॲलनला त्याचा एक परमभक्त भेटतो. त्याच्या घरात एक खोली ॲलनच्या छायाचित्रांनी भरलेली असते आणि पोटावर ॲलनचा चेहरा गोंदलेला असतो. ॲलन भीतीने पळ काढतो. लेखकांनी चाहत्यालाच दाखवलेला हा आरसा होता आणि चाहते त्यावर मनापासून हसले, कारण आपण असे नाही याची त्यांना खात्री होती.

वीस वर्षांनी ती खात्री डळमळली, आणि मला वाटते धास्तीचे खरे मूळ इथे आहे. पंचविशीतल्या कूगन यांनी एका मध्यमवयीन माणसाची टर उडवली तेव्हा प्रेक्षकही पंचविशीतच होते. ॲलनचे स्वेटर, मोटारचालकाचे हातमोजे, मऊ गाण्यांची आवड, तरुणांविषयीचा संशय हे सगळे वडिलांच्या पिढीचे होते. २०१९मध्ये कूगन त्रेपन्न वर्षांचे होते. पूर्वी वय वाढवण्यासाठी मेकअप लागे. आता अभिनेता आणि पात्र जवळजवळ एका वयाचे झाले होते. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर तिथे पोचले होते. नवे शब्द चुकीचे वापरण्याची भीती, आपली गरज संपली की काय ही शंका, तरुण सहकाऱ्यापुढे जुना किस्सा सांगून पडणे हे आता त्यांचेही रोजचे झाले होते.

आपल्याकडच्या चिमणरावाशी तुलना केली तर हा मुद्दा स्पष्ट होतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव पुस्तकातून चित्रपटात गेला तेव्हा दामूअण्णा मालवणकरांच्या रूपात दिसला आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या. प्रत्येक पुनरागमनात त्याला नवे शरीर मिळाले, म्हणून तो प्रत्येक पिढीला ताजा वाटला. ॲलनला ही सोय नाही. तीन दशकांहून अधिक काळ तो एकाच देहात राहतो आहे. परत येताना मधली सगळी वर्षे अंगावर घेऊन येतो. चिमणरावाला भेटून आपण तरुण होतो. ॲलनला भेटून त्याच्या चाहत्याला स्वतःचे वय कळते.

ऑक्टोबर २०२५मध्ये ॲलन पुन्हा बीबीसी वनवर आला. या वेळी सौदी अरेबियात वर्ष काढून परतलेला तो ब्रिटनच्या मानसिक आरोग्यावर स्वतःच माहितीपट करू पाहतो. ‘कसे आहात?’ असे विचारणारे शीर्षक त्याने घेतले आहे आणि उत्तर ऐकण्याचे कौशल्य त्याच्याकडे अजूनही नाही. चाहते पुन्हा धास्तावले आणि पुन्हा समोर बसले.

पुनरागमनाला चाहता घाबरतो तो पात्र बिघडेल म्हणूनच केवळ नव्हे. ज्याच्यावर हसत आपण तरुणपण काढले त्याच्यात आणि आपल्यात किती अंतर उरले आहे, याचे मोजमाप त्या रात्री होणार असते. ‘लाइकली लॅड्स’ने मधल्या वर्षांना विषय केले म्हणून ते तरले, डेल बॉयच्या वेळी ती वर्षे पुसली गेली म्हणून चाहते दुखावले. ॲलनने त्यांचे ओझे खांद्यावरच ठेवले. तो शहाणा झाला असता तर चाहत्यांनी त्याला माफ केले नसते, आणि अगदी तसाच राहिला असता तर बघितले नसते. तो थोडा बदलला, पण त्यांच्यापेक्षा जरासा कमीच. तेवढ्या फरकावर हसता येते, आणि तो फरक शिल्लक आहे याची खात्री करून घ्यायला चाहते दर वेळी परत येतात.